राक्षसवाडी पोलीस ठाणे, मुक्काम न्हावरे

भिणं हा माझा पगारी धंदा आहे. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. कुठला पाइप कधी फुटेल, कुठल्या पिंपातून काय सांडेल, कोण हेल्मेट न घालता कुठं मरायला चाललाय, याची दिवसभर भीती बाळगायची आणि महिन्याच्या शेवटी पगार घ्यायचा. बाकीचे लोक फुकट भितात. त्यामुळे आमचं अख्खं न्हावरं गाव माझ्या दारात उभं राहून "साळवेसाहेब, आता तुमीच उचला," असं म्हणालं, तेव्हा मला सरळ सांगता आलं असतं की कंपनीबाहेर भिण्याचा मला ओव्हरटाइम मिळत नाही. पण सुचलं नाही. मला जे सुचतं ते दुसऱ्या दिवशी, कंपनीच्या बसमध्ये.

सगळं झालं ते मालिकेपायी. आमची जस्मिन मुंबईत मालिकेच्या कलाविभागात असिस्टंट म्हणून लागली. पहिलीच नोकरी. मालिकेचं नाव 'राक्षसवाडी पोलीस ठाणे'. लहानपणी ऐकलेल्या परीकथांमधले सगळे बदमाश यात खरोखरचे आरोपी. एक फौजदारीणबाई त्यांच्यावर गुन्हे दाखल करते. राक्षसाला अटक करून उपयोग नसतो, कारण त्याचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात. मग आधी पोपट जप्त करायचा, त्याचा पंचनामा करायचा, मग राक्षसाला नोटीस. हडळीची ओळख परेड तिचे उलटे पाय बघून. जस्मिनने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. तेवढ्यात ती म्हणाली, "पप्पा, मी इंद्रजीतसरांना सांगितलंय, आमचं गाव आणि आमचं घर वापरा. लोक फार कोऑपरेटिव्ह आहेत."

इंद्रजीतसर म्हणजे दिग्दर्शक. आणि आमच्या गावाला कोऑपरेटिव्ह म्हणायचं, तर गावात सोसायट्याच तेवढ्या कोऑपरेटिव्ह आहेत.

युनिट आलं. घराचं पोलीस ठाणं झालं. भिंतीवरची बायबलच्या वचनाची पाटी उतरवून तिथं फरारी राक्षसांचे फोटो लागले. स्वयंपाकघराला गज ठोकून त्याची कोठडी केली, त्यामुळे माझी बायको राहेल गजांमागे बसून पोळ्या लाटायची आणि येणारा-जाणारा विचारायचा, "वहिनी, जामीन कवा?" सल्ले द्यायला तर सगळं गाव मोकळंच होतं. सरपंच मच्छिंद्रआप्पा रोज येऊन खुर्ची ओढून बसायचे. "साहेब, राक्षसाला मुंबईचा माणूस कशाला? आमच्या भावकीत बघा की. मेकपचा खर्च वाचंल."

पहिली अडचण पोपटाची आली. जिवंत पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाही, कायदा आहे. म्हणून जस्मिनने शिरूरच्या बाजारातून रबरी पोपट आणला. तर परवानगी देणाऱ्या साहेबांनी विचारलं, हा जिवंत नाही याला पुरावा काय? गुरांच्या डॉक्टरांचा दाखला आणा. म्हणून डॉक्टर आले, पोपट दाबला, पोपट चूं करून वाजला. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हे शिक्षण मीच त्यांना घ्यायला लावलं. दाखला मिळाला. मला वाटलं, आता यापेक्षा वाईट काय व्हायचं?

सेफ्टी ऑफिसरने असं कधी वाटून घेऊ नये.

पुढच्या सीनला उतारा पाहिजे होता. हडळ गावात शिरल्याची खूण म्हणून तिवाठ्याच्या मधोमध उतारा पडलाय आणि फौजदारीणबाई त्याभोवती खडूने गोल काढते, असा सीन. तिवाठा आमच्या घरासमोरच आहे. जस्मिन कामाला चोख. इंटरनेटवरचा उतारा लोक ओळखतील म्हणाली. म्हणून ती वस्तीवरच्या सारजाबाईंकडे गेली. पंचक्रोशीत कुणाला नजर लागो, बाहेरचं होवो, उतारा सारजाबाईंनीच काढायचा. त्यांनी सूप मागवलं, त्यात दहीभात, हळदकुंकू लावलेलं लिंबू, नारळ, मिठाच्या खड्यांची पुरचुंडी, काळी बाहुली असं सगळं मांडलं, "दिवस मावळताना मीच ठिवते," म्हणाल्या आणि ठेवून, मागं न बघता निघून गेल्या. सीनचा पहिला भाग झाला. उरलेला दुसऱ्या दिवशी. आणि या शूटिंगवाल्यांचा एक नियम आहे, कंटिन्युटी. म्हणजे अर्धा सीन झाला की वस्तू जागची हलवायची नाही, केसभरसुद्धा हलता कामा नये. म्हणून जस्मिनने शेजारी पाटी लावली, 'हात लावू नये'. आमच्या गावात उताऱ्याला हात लावू नये म्हणून पाटी लावावी लागली, ही पहिलीच वेळ.

सकाळी मल्हारी चहाच्या हॉटेलात आला आणि त्याने चहा मागितला.

मल्हारी म्हणजे सारजाबाईंचा मुलगा. माणूस सोन्यासारखा, पण पितो. सकाळी तोंड धुतल्यावर पहिला घोट तोच. त्याच्या बायकोनं, नकुशीनं, देवाधर्मापासून गोळ्यांपर्यंत सगळं करून बघितलं. अशा मल्हारीनं चहा मागितल्यावर हॉटेलवाल्यानं दोनदा विचारलं, "काय?" मल्हारी म्हणाला, "इच्छाच न्हाई झाली आज." झालं! हॉटेलातून ही बातमी नळावर आली आणि नळावर सारजाबाई उभ्याच होत्या.

"म्हंजी काय?" त्या म्हणाल्या, "म्याच उतरवली त्याची. त्या पोरीनं उतारा मागितला न्हवं का?"

जस्मिन धावत गेली. "आजी, तो खोटा पाहिजे होता! शूटिंगसाठी!"

"अगं बाई, खोटा उतारा कुठं असतो? कुणावरनं तरी ओवाळावाच लागतो. न्हायतर मग तो नुस्ता दहीभात." आणि वर म्हणाल्या, "मी म्हणलं, पोरगी एवढं सूप-नारळ देतीया, तर वाया कशाला घालवा?"

म्हणजे आमच्या दारापुढं, पाटीसकट, मल्हारीची सगळी दारू पडलेली होती. आणि रीत अशी, की उतारा जो ओलांडील किंवा उचलील, त्याला ते लागतं.

अर्ध्या तासात तिवाठा बंद पडला. एका बाजूला पाण्याची चारी, दुसऱ्या बाजूला ऊस, तिन्ही वाटांना जायला जागा मधलीच. अलीकडं दुधाचे कॅन घेऊन मोटारसायकली उभ्या, पलीकडं शाळेची पोरं उभी आणि खूश. जनरेटरची गाडी आणि लाइट पलीकडं, माझं घर म्हणजे पोलीस ठाणं अलीकडं. ड्रायव्हर लोक सगळे आपल्याच भागातले. त्यांनी गाड्यांच्या चाव्या काढून खिशात घातल्या. गावात पिणारे काही कमी नाहीत, पण दुसऱ्याची दारू अंगावर घ्यायला कुणी तयार होईना. गोकुळ म्हणून एक जण आहे, त्याला लोक पुढं ढकलायला लागले, तर तो म्हणाला, "माझी मला बास हाय."

"याची रेंज किती असती?" मच्छिंद्रआप्पांनी विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. म्हणून सगळे आणखी चार पावलं मागं सरकले.

कुणीतरी खऱ्या पोलिसांना फोन केला. एक हवालदार आले. त्यांनी मोटारसायकल बरीच लांब लावली, लांबूनच सुपाकडं बघितलं आणि म्हणाले, "हे खरं हाय का नाटकातलं? नाटकातलं असंल तर तुमचं पोलीस बघतील की." आमचे पोलीस, म्हणजे मालिकेतले, वडाखाली पत्ते खेळत होते. आणि रोज संध्याकाळी एक हडळ पकडणाऱ्या फौजदारीणबाई व्हॅनमध्ये आतून कडी लावून बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून निरोप पाठवला की माझ्या काँट्रॅक्टमध्ये खरी हडळ नाही.

मग इंद्रजीतसर आमच्या ओट्यावर आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "जस्मिन, दुपारपर्यंत रस्ता मोकळा झाला तर ठीक. नाहीतर उद्यापासून आपण केंदूरच्या बाजूला शूट करू. तू मग इथंच थांब. घर आहेच तुझं."

पोरीनं मान हलवली आणि ती आत गेली. कोठडीत, गजांपाशी, राहेलजवळ उभी राहिली. कंपनीत इतकी वर्षं पिंपांची भीती वाटली. ही भीती वेगळीच होती, हिला झाकण नव्हतं.

आणि तेवढ्यात मच्छिंद्रआप्पांना ती कल्पना सुचली. "आरं, आपण येड्यावानी काय उभं हाय? साळवेसाहेब हायेत की! त्यांचं बरं हाय. त्यांना भूतबित लागूच न्हाई."

लागूच नाही. जशी एखादी सरकारी योजना लागू नसते तसं. सगळ्या गावाचा चेहरा उजळला. "व्हय की! ख्रिस्ती माणसाला कशाचं काय?" "साहेब, तुमीच उचला." मला नाही म्हणायची सोय राहिली नाही. मी शिरूरच्या चर्चच्या मंडळीत पंच आहे, दारूबंदीच्या रविवारी भाषण माझंच असतं. मी भितो असं कसं म्हणू?

पण मी भीत होतो. मी ख्रिस्ती आहे हे खरं, पण मी न्हावऱ्याचाही आहे. शाळेत जाताना तिवाठ्यावर उतारा दिसला की मी मनात प्रार्थनाही म्हणायचो आणि चारीच्या कडेने वळसाही घालायचो. दोन्ही केलेलं बरं. शिवाय यातला रोग कुठला? दारूचा. ताप असता, खरूज असती तरी चाललं असतं. उद्या मला तल्लफ आली तर? मी दारूबंदीच्या रविवारी वेदीपुढं उभा, आणि खिशात क्वार्टर? मी पाळकसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "एलियाभाऊ, विश्वास असेल तर उचला. आणि विश्वास नसेल तर मला सांगू नका." फोन ठेवला.

आतून जस्मिन बाहेर आली. "पप्पा, मीच मांडायला लावला ना? मी उचलते."

"तू हात लावायचा नाही!" मी एवढ्यानं ओरडलो की वडाखालचे पोलीस उठून उभे राहिले. मग मी जे करायचं तेच केलं. कंपनीची बॅग काढली. गमबूट घातले, रबरी एप्रन बांधला, कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले, आणि विषारी वायूसाठीचा तोंडभर मास्क लावला. राहेल म्हणाली, "अहो, ते दारूचं आहे, ॲसिडचं नाही." मी म्हटलं, सुरक्षेत भेदभाव नसतो. मास्कमुळे तिला ते "हुं हुं हुं" असं ऐकू गेलं.

मी दारातून बाहेर पडलो आणि पलीकडची पोरं किंचाळून उसात शिरली. कुत्री भुंकायला लागली. इंद्रजीतसर ओरडले, "कॅमेरा! कॅमेरा काढा!" मला वाटलं, माझ्या धैर्याला दाद देतायत. नंतर कळलं, त्यांना राक्षस मिळाला होता.

मास्कच्या काचेवर माझ्याच श्वासाची वाफ धरली होती. सूप धुरकट दिसत होतं. मी वाकलो, हात पुढं केला आणि हात तिथंच थांबला. पुढं जाईना. मागं माझी पोरगी उभी आहे हे मला माहीत होतं, तरी हात पुढं जाईना.

"साहेब, सरा बाजूला."

मल्हारी होता. गर्दीतून पुढं आला होता. धुतलेला सदरा, विंचरलेले केस. दोन्ही हात पोटाशी धरले होते, तरी थरथरत होते. एक दिवस दारू सुटली की हात असे हलतात, हे मला कंपनीतल्या माणसांमुळे माहीत आहे.

"तुमी नका उचलू," तो म्हणाला. "माझंच हाय ते. माझं मीच परत घितो. मला काय नवीन लागणार हाय? पोरीची नोकरी जाया नको. ती आमच्या नकुशीला लई जीव लावती."

आणि त्याच्या मागं नकुशी उभी. तोंडात पदराचा बोळा. ओरडली नाही, रडली नाही, "नको" म्हणाली नाही. माझ्या पोरीची नोकरी होती ना, म्हणून म्हणाली नाही. नुसती त्याच्या हातांकडे बघत राहिली. सबंध रात्र आणि एक सकाळ, एवढाच काय तो तिला मिळाला होता तिचा नवरा.

मल्हारी वाकला. खरंच वाकला हो! आणि त्याला माझ्याएवढी भीती नव्हती असं कुणी समजू नये. त्याचे दात वाजत होते.

मी मास्क ओढून काढला. "मल्हारी, हो मागं!"

"पण साहेब..."

"मागं हो म्हणतो ना! तुझी दारू आता माझी आहे. हात लावशील तर बघ!" आणि मी सूप उचललं. हातमोजे मात्र काढले नाहीत. एवढा काही मी मोठा माणूस नाही.

मग ते वाहत्या पाण्यात सोडायचं म्हणून कालव्यापर्यंत चालत गेलो. मागं बघायचं नाही, बोलायचं नाही. माझ्या मागं बऱ्याच अंतरावर सगळं गाव, गावापुढं कॅमेरा, आणि मी सूप पोटाशी धरून मनात येशूचं नाव घेत होतो. लिंबू सुपात इकडून तिकडं घरंगळायचं आणि प्रत्येक वेळी माझा जीव जायचा. कालव्यात सूप सोडलं, हातमोजेही सोडले. ते कंपनीचे होते, त्याबद्दल मला अजून लेखी विचारणा चालू आहे.

रस्ता मोकळा झाला. दूध गेलं. शाळेची पोरं नाइलाजाने शाळेत गेली. संध्याकाळी नुसत्या दहीभाताचं दुसरं सूप मांडून शूटिंग झालं आणि जस्मिन युनिटबरोबर राहिली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. माझा तो सीनही लागला टीव्हीवर. कुरकुंभला आमच्या शिफ्टच्या पोरांनी मोबाइलवर बघितला. 'विषासुर' असं नाव होतं मला. मास्कमुळं चेहरा दिसत नाही, पण पोट ओळखता येतं म्हणाले.

इथं संपायला पाहिजे होतं. पण उतारा सोडला त्याच संध्याकाळी मल्हारी आमच्या ओट्यावर आला. चप्पल काढली, खांबाला टेकून बसला. त्याचे हात अजून हलत होते, कपाळाला घाम होता. मग त्यानं हळूच विचारलं,

"साहेब, आली का तल्लफ?"

"छे रे!" मी छाती पुढं काढून म्हटलं. "आपल्याला कशाची तल्लफ? काही नाही!"

त्याचा चेहरा एकदम उतरला. पांढराफटक पडला. "आली न्हाई?" तो म्हणाला. "मग गेली कुठं?" आणि स्वतःच्या हातांकडे बघायला लागला.

तेव्हा मला कळलं. माझ्याकडं आली नसेल तर ती त्याच्याकडंच असणार. तिला तिसरी जागाच नव्हती.

"म्हणजे, तशी आली," मी म्हटलं. "आली होती मघाशी. लई जोराची आली. तुझ्यासमोर लाज वाटली म्हणून बोललो नाही."

"खरं?"

"दाबली कशीबशी."

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला! उठला, माझा हात हातात घेतला. "दाबा, साहेब. मला म्हाईत हाय किती अवघड असतं. दाबा. म्या हाय." आणि घरी जेवायला गेला.

तेव्हापासून तो रोज येतो. दिवस मावळायच्या सुमाराला, जेव्हा पूर्वी त्याचे पाय गुत्त्याकडं वळायचे तेव्हा. रोज विचारतो आणि रोज मी सांगतो, आली. कशी आली, कुठं आली, घसा कसा कोरडा पडला, हे सगळं मला रंगवून सांगावं लागतं. अनुभव नसल्यामुळे चुका होतात. तोच दुरुस्त करतो. "घसा न्हाई साहेब, आधी छातीत येतं." आता ओट्यावरची गोष्ट ओट्यावर थोडीच राहते? मंडळीत पोचली. बुधवारच्या प्रार्थनेत पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या एका बंधूला दारूच्या मोहातून सोडव. नाव घेत नाही, पण ते कुरकुंभला कामाला आहेत." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मोठ्यानं. दारूबंदीच्या रविवारचं भाषण यंदा दुसऱ्याला दिलं. राहेलला बायका येऊन धीर देतात आणि ती बिचारी धीर घेते. मला उठून सांगता येत नाही. सांगितलं तर ते मल्हारीपर्यंत जाईल.

परवा तो आला नाही.

दिवस मावळला. मी ओट्यावर बसलो होतो, मग फाटकात गेलो, मग तिवाठ्यावर जाऊन उभा राहिलो. कुरकुंभला एकदा रात्रपाळीत वायूची गळती झाल्याचा भोंगा वाजला होता. तेव्हासुद्धा मी एवढा घाबरलो नव्हतो. गुत्त्याच्या बाजूनं कोण येतंय, वस्तीच्या बाजूनं कोण येतंय, सारखा दोन्हीकडं बघत होतो. राहेल दारातून म्हणाली, "अहो, या आत. लोक काय म्हणतील? प्यायलेल्या माणसासारखे हेलपाटे काय घालताय?" माझा घसा कोरडा पडला होता. छातीत काहीतरी आवळून आलं होतं आणि सुटत नव्हतं. हात बघितले तर हलत होते.

वस्तीच्या बाजूनं एक माणूस येताना दिसला. सरळ चालत होता.

"उशीर झाला, साहेब," मल्हारी म्हणाला. "म्हस व्याली." अंगाला शेणाचा आणि चिकाचा वास होता, दुसरा कसला नाही. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि हळूच विचारलं, "आली का?"

"आली," मी म्हटलं. त्या दिवशी मला काहीच रंगवावं लागलं नाही.

मल्हारी माझ्या शेजारी चारीच्या कडेला बसला. म्हणाला, "बसू जरा. जाती ती थोड्या वेळानं."